फॅमिलीचं कुपन

माझा धाकटा भाऊ साहेबराव याला औषधाच्या कंपनीनं बक्षीस दिलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरातल्या पुरुषांकडं जी काही अक्कल उरलीसुरली होती तीही गेली. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं. साहेबरावाचं तीर्थपुरीत बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. दोन हजार सालच्या आधीच्या हंगामात बोंडअळी अशी काही पडली की लोकांनी रांगा लावून डबे नेले, आणि सगळ्यात जास्त माल खपवणारा म्हणून कंपनीनं साहेबरावाला निवडलं. खरं तर ते बक्षीस अळीला द्यायला हवं होतं. पण अळीला मिशा पिळता येत नाहीत.

बक्षीस म्हणजे एक कुपन. मुंबईकडं घाट उतरल्यावर कुठंतरी पाण्याच्या खेळांची मोठी बाग आहे, तिथंच हॉटेल आहे, त्या हॉटेलात दोन रात्री फुकट राहायचं. चार माणसं. नवरा, बायको आणि दोन मुलं. कुपनावर नावंसुद्धा छापून आली होती, साहेबराव रखमाजी आणि सौ. पुष्पाबाई. हॉटेलाचं नाव इंग्रजी होतं आणि ते आमच्या घरात प्रत्येक जण वेगळं म्हणायचा.

मी सोनूबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. पुढं दुकान, मागं घर, आणि घराच्याही मागं दोन खोल्यांत मी, असा आमचा संसार. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा आमचे वडील, बापू, महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. नोकरी लागल्यावर बोलायला लागले. तेव्हापासून या घरात काय चाललंय ते मी बघते आणि तोंड आवरत नाही, म्हणून सगळे मला जरा टरकून असतात. टरकून असतात, ऐकत कुणीच नाही.

कुपनाबरोबर एक गुळगुळीत रंगीत पुस्तक आलं होतं. त्यात निळ्याशार पाण्याचे हौद, सोंडेतून पाणी सोडणारा सिमेंटचा हत्ती, आणि पलंगावर टॉवेलची घडी घालून बनवलेला हंस. साहेबरावानं ते पुस्तक काउंटरवर ठेवलं. माणूस तणनाशक मागायला आला की हा त्याला आधी हंस दाखवायचा. लोकही बघायचे. एक जण तर म्हणाला, इतक्या पांढऱ्या टॉवेलाला अंग पुसायचं कसं. साहेबराव म्हणाला, तिथं अंग पुसायला वेगळा असतो. याला कसं माहीत, ते विचारू नका. कुपन हातात पडल्यापासून तो त्या हॉटेलाचा मालक असल्यासारखाच बोलत होता.

एका दुपारी मी शाळेतून आले तर दुकानात कुणी नव्हतं आणि पुष्पा काउंटरपाशी उभी होती. पुष्पा म्हणजे साहेबरावाची बायको, माझी भावजय. ओले हात पदराला पुसून पुसून ती पानं उलटत होती. हौद आणि हत्ती तिनं पटापट मागं टाकले आणि एका पानावर थांबली. त्या चित्रात एक बाई खुर्चीवर टेकून बसली होती आणि पांढऱ्या कपड्यातला एक माणूस वाकून तिच्या कपात चहा ओतत होता.

"आक्का, हिनं सांगितलं असंल का चहा आन म्हणून, का त्यो आपसुकच आणतो?"

"आपसुकच आणतात. त्याचाच पगार असतो त्यांना."

"म्हंजी उठायचंच न्हाई."

"नाही."

पुष्पा बराच वेळ त्या बाईकडं बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून या बाईला मी बसून चहा पिताना पाहिलेलं नाही. सगळ्यांना देऊन झालं की पातेल्यात तळाला जो उरतो तो ती उभ्यानं पिते, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली तर तोही ओट्यावरच राहतो.

"मला जायचंय, आक्का," ती म्हणाली. "लई मनात हाये."

इतकं सरळ पुष्पा कधी बोलत नसे. मी म्हटलं, जाशील की, कुपनावर तुझंच नाव आहे. मला वाटलं होतं की छापील नावाला तरी आमच्या घरात किंमत असेल.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढची सगळी फजिती तिच्यातून झाली. आमच्याकडं माणूस कुठंही निघाला की समोरच्याला "चला की" म्हणतो. म्हणायचंच असतं. समोरच्यानं "नको, तुम्ही जाऊन या" म्हणायचं. मग दुसऱ्यांदा म्हणायचं, त्यानं पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा हाताला धरून आग्रह केला की मग तो, आपल्यावर उपकार करत असल्याच्या चेहऱ्यानं, "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणतो. पहिल्याच हाकेला हो म्हणेल तो हावरा. आणि जो एकदाच विचारून गप्प बसेल, त्याला मुळात न्यायचंच नव्हतं असं सगळे समजून घेतात. हे आग्रह परक्यांना असतात, मानाच्या माणसांना असतात. घरच्या बायकापोरांना कुणी विचारत नाही. ती घरचीच असतात.

पहिला बळी आमच्याच घरातला. साहेबराव पायात चपला सरकवता सरकवता म्हणाला, "बापू, चला की तुम्ही बी."

"मला कशाला," बापू म्हणाले. "माझे गुडघे कुठं चालतेत."

इथं साहेबरावानं बरं म्हणून बाहेर पडायचं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत बापाला एकदाच विचारून सोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत पारावर गेलं असतं की रखमाजीच्या पोरानं बापाला नुसतं तोंडदेखलं विचारलं. म्हणून त्यानं पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि गिऱ्हाइकांनीही म्हटलं, की गुडघ्याला पाणी चांगलं असतं. बापू म्हणाले, "बरं मंग. तू म्हणूनच राह्यला तर." आदल्या दिवशी हाच माणूस मला सांगत होता की पैसे देऊन भिजणाऱ्या लोकांना जोड्यानं मारलं पाहिजे.

बापू निघाले म्हटल्यावर जावयाला विचारणं आलं. आमची धाकटी बहीण गोजरबाई घनसावंगीला दिली आहे. तिचा नवरा कडूबा, म्हणजे आमचे दाजी, हे गृहस्थ मानाचे इतके भुकेले की ताटात मीठ डाव्या हाताला पडलं तरी वर्षभर लक्षात ठेवतील. त्यांना न विचारता सासरा पाण्यात डुंबून आला हे कळलं असतं तर ते सगळं गोजरबाईच्या डोक्यावर निघालं असतं. साहेबरावानं फोन लावला. दाजींना नको म्हणायची रीत माहीत होती, पण दम नव्हता. "आमाला कुठं येळ असतो, पाव्हणे, निघायचं कधी?" असं ते एका श्वासात म्हणाले. गोजरबाईला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

चौथे भुजंगराव. हे आमच्याकडचे पुढारी, म्हणजे दोन निवडणुका हरलेले. त्यांच्याकडं स्वतःची जीप आहे आणि तिच्या पुढच्या सीटवर बसून रस्त्यानं हात हलवत जायची सवय आहे, समोर कुणी असो नसो. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते आपणहून दुकानात आले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "हे बघ साहेबराव, मला बिलकुल म्हणू नकोस. मी येनार न्हाई." आता इतकं स्पष्ट नको म्हटल्यावर साहेबरावाला विचारणं भागच पडलं. दोन आग्रहांत भुजंगराव आणि त्यांची जीप तयार झाली.

झाले चार. साहेबराव, बापू, दाजी आणि भुजंगराव. नवरा, बायको आणि दोन मुलं यांच्यापैकी फक्त नवरा उरला.

मग रोज दिवेलागणीला दुकानापुढं बैठक बसायला लागली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत. काय न्यायचं, कसं जायचं, कुठं थांबायचं. दाजी त्यासाठी घनसावंगीहून जीप पकडून यायचे आणि जेवूनच जायचे. बापूंनी जाहीर केलं की आपण हॉटेलचं अन्न खाणार नाही. मग ठरलं की स्टोव्ह घ्यायचा, रॉकेल घ्यायचं, पीठ, डाळ, तेल घ्यायचं आणि खोलीवर करून खायचं. देवस्थानाच्या भक्तनिवासात करू देतात, म्हणजे इथंही देतील, असा हिशेब. पांढऱ्या पलंगाच्या आणि टॉवेलच्या हंसाच्या शेजारी स्टोव्ह पेटवून हे पिठलं शिजवणार होते. कोण शिजवणार, हे कुणी विचारलं नाही. चौघांपैकी एकालाही स्टोव्हला पिन मारता येत नव्हती.

पुस्तकात लिहिलं होतं की पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे लागतील. त्यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. बापू म्हणाले, धोतर सोडणार नाही. भुजंगराव म्हणाले, टोपी सोडणार नाही. शेवटी साहेबराव जालन्याला गेला आणि चार चड्ड्या घेऊन आला. एकाच कापडातल्या, निळ्या, वर पिवळे मासे. बापूंनी आपली धोतरावरूनच चढवून माप पाहिलं, आणि दाजींनी कमरेत सैल होते म्हणून तोंड पाडलं. सासऱ्याला बसणारी चड्डी जावयाला आणली, एवढा अपमान त्यांच्या घराण्यात झाला नव्हता म्हणे.

कंपनीचा एक पोरगेला सेल्समन महिन्याला फेरी मारायचा. त्यानं ही बैठक पाहिली, चार चड्ड्या पाहिल्या आणि बिचारा घाबरलाच.

"शेठ, हे फॅमिलीसाठी आहे. नुसते जेंट्स गेले तर ते लोक घेत नाहीत."

"बाप हाये, जावई हाये," साहेबराव म्हणाला. "फॅमिली अजून काय असती?"

"मी हाये ना," भुजंगराव म्हणाले. "गेटवर मी बोलतो. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

मी दारात उभी राहून ऐकत होते. मला राहवेना. "कुपनावर पुष्पाचं नाव आहे," मी म्हटलं. "तिला विचारलंस का?"

साहेबराव माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी त्याला गोठ्यातल्या म्हशीला विचारलंस का म्हणून विचारलं. पण चार माणसांत प्रश्न पडला होता. तेवढ्यात पुष्पाच चहा घेऊन बाहेर आली. हातात ताट, ताटात पाच कप.

"अगं," साहेबराव म्हणाला, "येतीस का तिकडं?"

सासरा बसलेला, नणंदेचा नवरा बसलेला, गावचा पुढारी बसलेला. पुष्पानं पदर सावरला. तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. मग खाली बघून ती म्हणाली, "नको. माझं काय तिथं. तुम्ही जाऊन या."

"बघ, आक्का," साहेबराव म्हणाला. "तिलाच न्हाई यायचं." आणि त्यानं कप उचलला. दाजींनी ठेच्याचा विषय काढला.

बापूंना तीनदा, भुजंगरावांना दोनदा, दाजींना मोजायच्या आधीच. हिचं पहिलं नको मात्र सगळ्यांना एकदम खरं वाटलं.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "वेडी आहेस का? हो का नाही म्हणालीस?"

"पैल्यांदाच कसं हो म्हणायचं, आक्का? चार माणसं बसल्याली. हपापल्यावानी."

"मग आता जा आणि सांग."

"आपुनच होऊन? एकदा न्हाई म्हणल्यावर?" ती माझ्याकडं बघून हसली, मीच अडाणी असल्यासारखी. "इचारतील की आजून एकदा. त्येंला काय रीत ठावं न्हाई का."

मला तिचा राग आला, हे लपवत नाही. त्या चौघांची मला किळस येत होती, पण हिचा राग आला. साहेबरावाला सांगायला गेले तर तो म्हणाला, "तुझ्यासमोरच इचारलं ना? आता हात धरून नेऊ का?" बापाला हात धरूनच नेत होता की. पण माझं ऐकून घ्यायला त्याला वेळ नव्हता, चड्ड्या बदलायला जालन्याला जायचं होतं.

पुष्पा वाट बघायला लागली. तिनं मला तसं सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. लग्नातली मोरपंखी साडी धुऊन, घडी घालून गादीखाली ठेवली. दोन्ही पोरांच्या, उज्ज्वलाच्या आणि धाकट्याच्या, कपड्यांची तुटलेली बटणं लावली. म्हशीची धार कोण काढेल म्हणून शेजारच्या बाईशी सहज बोलल्यासारखं बोलून ठेवलं. साहेबराव जेवायला बसला की ती वाढताना जरा जास्तच वेळ जवळ उभी राहायची. त्यानं तोंड उघडलं की ती थांबायची. तो म्हणायचा, भाकर. नाहीतर म्हणायचा, चटणीत मीठ कमी हाये. आणि ती आत जायची. इतका सोपा प्रश्न होता, एवढासा शब्द. पण त्या नतद्रष्टाच्या तोंडाला तो दुसऱ्यांदा आला नाही.

निघायच्या सकाळी जीप दुकानापुढं उभी होती. साहेबराव स्टेअरिंगवर, भुजंगराव पुढं बसले, दाजी त्यांच्या शेजारी कोंबून बसले कारण मागं बसणं त्यांच्या मानात बसत नव्हतं, आणि बापू मागं पिठाच्या डब्याला टेकून. पुष्पानं पहाटेपासून उठून दशम्या केल्या होत्या, डबे भरले होते, पिशव्या बांधल्या होत्या. आणि तिनं मोरपंखी साडी नेसली होती. पोरांनाही अंघोळी घालून तयार केलं होतं. विचारलंच तर उशीर नको व्हायला.

जीप सुरू झाली आणि साहेबराव खाली उतरला. दुकानातून, मधल्या खोलीतून चालत तो थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. पुष्पानं हात पुसले. मी तिथंच होते. क्षणभर मलाही वाटलं की माझा भाऊ अगदीच दगड नाही.

"लोणचं राह्यलं," तो म्हणाला.

तिनं बरणी काढून दिली. तिच्या अंगावर कोणती साडी आहे हेही त्यानं पाहिलं नाही. जीप गेली. पुष्पानं साडी बदलली आणि म्हशीकडं गेली. मी त्या दिवशी शाळेला सुट्टी असून शाळेत जाऊन बसले, कारण घरात बसले असते तर काहीतरी फोडलं असतं.

संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. मी घेतला. साहेबराव फोनवर नेहमी ओरडतो, आवाज वाटेत कुठं सांडेल या भीतीनं. पुष्पा दारात येऊन उभी राहिली तरी तिला सगळं ऐकू जात होतं.

"आक्का, गेटवरच बसून राह्यलो. आत घेऊन न्हाई राह्यले."

"का बरं?"

"म्हणतेत नुसते बाप्ये चालत न्हाईत. कुपनावर बाईचं नाव हाये, बाई कुठाय म्हणतेत."

"भुजंगराव बोलले नाहीत का?"

"बोलले. वाचमन म्हणला, तुमी कोन." मग तो मुद्द्यावर आला. "मॅनेजर म्हणतो, उद्यापर्यंत बाई आली तर कुपन धरू. बाकीच्यांचा खर्चा वेगळा घेऊ. हिला रातच्या गाडीत बसवून दे. पोरं तुझ्याजवळ राहू दे."

"मी का बसवू? तूच विचार तिला," मी म्हटलं आणि रिसीव्हर पुष्पाच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"जल्दी नीघ," साहेबराव ओरडला. "आक्का गाडीत बसवून देती."

"सांगून राह्यलात का इचारून राह्यलात?" पुष्पानं विचारलं.

 तिकडं आवाज खाली आला. "बरं, इचारतो. येतीस का?"

"नको," पुष्पा म्हणाली.

हे पहिलं. हे रीतीचं. 

"अगं ये की. लई चांगलं हाये इथं. भाईरूनच हत्ती दिसून राह्यला. मीटर पळतंय, जल्दी बोल."

"नको."

मागून दाजींचा आवाज आला, हात जोडून म्हणा म्हणून. कुणीतरी रिसीव्हर ओढून घेतला आणि बापू बोलायला लागले. "सूनबाई, ये माय. दगडावर बसून राह्यलो दुपारपसून. गुडघे आखडून गेले. आन ह्या लोकांला साधा स्टो पेटवता येऊन न्हाई राह्यला. ये, माझं ऐक." इतकी वर्षं या घरात राबून बापूंनी तिला पहिल्यांदा माय म्हटलं होतं, आणि तेही फोनवर, लांबून.

पुष्पानं सगळं ऐकून घेतलं. फोनवर सासरा होता म्हणून डोक्यावरून पदर घेतला. मग शांतपणे, जशी रीत आहे तशी, म्हणाली, "मी कुठं, बापू. तुम्ही जाऊन या." आणि फोन ठेवला.

"तिसऱ्यांदा होतं ते," मी म्हटलं. "आता हो म्हणता आलं असतं."

"ठावं हाये."

"तुला तर जायचं होतं."

"लई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत. "लई जायचं होतं, आक्का. पर त्येंला मी न्हाई पाहिजे. त्येंला गेट उघडाया बाई पाहिजे. गेट उघडलं की मंग चौघांच्या भाकरी थापाया पाहिजे. त्ये काय, हितं बी हायेच."

 फोन पुन्हा वाजला. आम्ही दोघींनी तो वाजू दिला.

तो थांबल्यावर पुष्पानं पोरांना हाक मारली. उज्ज्वला आणि धाकटा अंगणातून धावत आले. "उद्या पैठणला येता का?" तिनं विचारलं. "बागेत. वडीगोद्रीपतोर जीपनं जाऊ, तिथून गाडी धरू. कारंजी हायेत म्हणं."

वाक्य पुरं व्हायच्या आत दोघंही हो म्हणाली. त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"आक्का, तुम्ही येता का?"

"नको गं," मी म्हटलं. "माझं काय तिथं. तुम्ही जाऊन या."

तोंडातून निघून गेलं. पुष्पानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि पोरांना घेऊन आत गेली.

मी काउंटरमागच्या खुर्चीवर बसून राहिले. मला जायचं होतं. आठवीची सहल सोडली तर कुणी मला कुठं चल म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि सहलीत मी पोरं मोजायला असते. आतून डबे काढल्याचा आवाज येत होता, पोरांचं हसणं येत होतं. ती चूल पेटवेल, मग येईल, असं वाटलं. मग वाटलं, भाकरी झाल्या की येईल. भाकरी झाल्या, पोरं जेवली, ताटं घासून झाली. ती आली नाही. शेवटी मीच उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि मला यायचंय हे तीन वेळा घसा साफ करून तिला सांगितलं.